खोकला दाबू नका, कफ काढा

सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागणाऱ्या, फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या) रुग्णाला खोकला लागला की घरचे खोकला थांबवणारे सिरप आणतात. नेमके इथेच चुकते, कारण खोकला दाबला की कफ आतच राहतो. विडीच्या किंवा चुलीच्या धुराने श्वासनलिकांतल्या कफग्रंथी वाढतात, कफ वर ढकलणारे सूक्ष्म केस निकामी होतात आणि २ ते १० मिलिमीटर रुंदीच्या नळ्यांतही घट्ट कफाचे बूच बसते. खोकला नसलेल्यांतही ते सीटी स्कॅनमध्ये सापडते. साध्या एक्स-रेत सहसा नाही. हा कफ बाहेर काढण्यासाठी फिजिओथेरपिस्टकडून 'हफिंग' शिकून घ्यावे: ३-४ खोल श्वास, प्रत्येक २-३ सेकंद रोखायचा, मग आरशावर वाफ धरतो तसा तोंड उघडून 'हाऽ' असा जोरकस उच्छ्वास, एक-दोनदाच. सलग केल्यास नळ्या आकसून धाप वाढते. नळ्या रुंदावणारा इनहेलर चालू असेल तर तो १०-१५ मिनिटे आधी घ्यावा. कफात रक्त दिसल्यास मात्र थांबून डॉक्टरांना गाठावे.