लहान मुले झोपलेल्या तंबूत पेटते निखारे ठेवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : भंडारदरा येथील कौटुंबिक मुक्कामात बंद तंबूत निखाऱ्यांचे घमेले ठेवल्याबाबत.

महोदय,

जानेवारी महिन्यात भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी तंबूतील एका रात्रीच्या मुक्कामाचे आरक्षण आम्ही आपल्यामार्फत केले होते. सोबत आमची सहा वर्षांची मुलगी आणि अडीच वर्षांचा मुलगा होता. मुलांची वये आपल्या प्रतिनिधीला फोनवर सांगून, थंडीसाठी काय सोय आहे, हे आम्ही मुद्दाम विचारले होते. "काळजी करू नका, तंबू उबदार ठेवायची व्यवस्था आहे," असे उत्तर मिळाले. ती व्यवस्था काय होती, ते तेथे रात्री कळले.

जेवणाबद्दल किंवा स्वच्छतेबद्दल आमची तक्रार नाही. दोन्ही चांगले होते. शेकोटी संपल्यावर आपल्या कर्मचाऱ्याने तिच्यातले रसरशीत निखारे लोखंडी घमेल्यात भरले, ते घमेले आमच्या तंबूत दोन गाद्यांच्या मधोमध विटांवर ठेवले आणि ऊब टिकावी म्हणून चेन पूर्ण लावून खिडकीची जाळीही झाकून घ्यायला सांगितले. धूर अजिबात नव्हता. मध्यरात्रीनंतर मुलगी डोके दुखते म्हणून रडत उठली आणि तिला उलटी झाली. धाकटा हाका मारूनही डोळे उघडेना. माझ्या पतींनी घमेले बाहेर काढले आणि आम्ही दोन्ही मुलांना उघड्यावर नेले. मोकळ्या हवेत मुलगा सावध होऊन रडू लागेपर्यंतचा तो वेळ आमच्या जिवावर कसा गेला, हे शब्दांत सांगता येणार नाही. त्यांना तातडीने राजूरला डॉक्टरांकडे नेण्यासाठी गाडी काढली, तर फाटकाला कुलूप होते आणि किल्ली असलेला माणूस गावात झोपायला गेलेला होता. आज मुले बरी आहेत.

निखारे जळताना कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि धूर दिसत नसला म्हणजे तो नाही, असेही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्टपणे जोडला जातो, त्यामुळे माणूस श्वास घेत असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोकेदुखी, मळमळ, उलटी आणि गुंगी ही त्याची लक्षणे प्रवासाचा शीण किंवा जेवणाची बाधा समजून सहज दुर्लक्षिली जातात, आणि झोपेत तर ती अनेकदा जाणवतही नाहीत. लहान मुलांचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद चालत असल्यामुळे त्यांच्यावर त्याचा परिणाम लवकर होतो. झोपेत कूस बदलणाऱ्या मुलांच्या शेजारी, नायलॉनच्या तंबूत, उघडे निखारे ठेवण्यातला आगीचा धोका तर वेगळाच.

हे सर्व आम्ही सकाळी आपल्या तेथील व्यवस्थापकांना सांगितले, तेव्हा "दर हिवाळ्यात आम्ही असेच देतो, आजवर कोणाला काही झाले नाही" असे ते म्हणाले. आमच्या तक्रारीचे मूळ याच उत्तरात आहे. ही एखाद्या कर्मचाऱ्याच्या हातून झालेली चूक नव्हे, तर आपली ठरलेली पद्धत आहे. घमेले आणणारा तो तरुण सांगितलेले काम करत होता आणि रात्री आमच्यासाठी किल्ली आणायला तोच अंधारात धावला. त्याच्यावर कारवाई करून हे प्रकरण मिटवू नये, ही आमची आग्रहाची विनंती आहे.

आपल्या सर्व ठिकाणी तंबूत निखारे, शेगडी किंवा कोणताही विस्तव ठेवणे ताबडतोब बंद करावे, त्याऐवजी पुरेशी जाड ब्लँकेट आणि गरम पाण्याच्या पिशव्या द्याव्यात, आणि तसे लेखी आदेश काढून त्यांची प्रत आम्हाला पाठवावी. रात्री किल्ली आणि वाहन घेऊन एक जबाबदार माणूस मुक्कामाच्या जागीच असावा. त्या रात्री इतर तंबूंमध्येही अशीच घमेली दिली गेली होती. त्या कुटुंबांना आपण स्वतः फोन करून हा धोका कळवावा. आरक्षणाची पूर्ण रक्कम आणि वैद्यकीय खर्च परत मिळावा, हेही आमचे म्हणणे आहे, मात्र पैसे परत करून आदेशाचे टाळले, तर आम्ही तक्रार मागे घेणार नाही.

या पत्राचे लेखी उत्तर १५ दिवसांत न आल्यास, ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल आम्ही राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागू. आरक्षणाची पावती, डॉक्टरांचे कागद आणि तंबूतील घमेल्याचे छायाचित्र सोबत जोडले आहे.

आपली,
आरक्षण करणारी ग्राहक