प्रमाणपत्र दगडाचे, वय कोण सांगणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत चीनमध्ये जेड या दगडात कोरलेल्या प्राचीन प्राण्यांवरचा लेख वाचला. छायाचित्रे सुरेख होती. मात्र शेवटच्या चौकटीत वाचकांना सल्ला दिला आहे, की घेताना प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र पाहावे, म्हणजे वस्तू प्राचीन असल्याची खात्री होते. हे वाचून राहवले नाही. नाशिकच्या सराफ बाजारात खडे पारखण्यात माझी हयात गेली. अशी प्रमाणपत्रे ढिगाने पाहिली. त्यात दगड कोणता ते लिहिलेले असते. तो कधी कोरला हे लिहिलेले नसते, आणि लिहिता येतही नाही.

जेड या एकाच नावाखाली दोन वेगळे दगड विकले जातात, नेफ्राइट आणि जेडाइट. चीनमधले प्राचीन काम नेफ्राइटचे. ब्रह्मदेशातले हिरवेगार जेडाइट तिकडे मोठ्या प्रमाणावर पोचले ते अठराव्या शतकात. तेव्हा पाचूसारखा हिरवा वाघ दाखवून कोणी 'हान काळातला आहे' (म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान राजवटीतला) म्हणाले, तर नमस्कार करून उठावे. सर्पेंटाइन हा मऊ दगडही जेड म्हणून खपवतात. त्याचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या किती पट जड ते, साधारण २.६, नेफ्राइटचे ३ च्या आसपास, जेडाइटचे ३.३; चांगला काटा आणि पाण्याचे भांडे असले तर फरक कळतो. आपल्याकडे 'इंडियन जेड' म्हणून जे मिळते ते तर बहुधा अ‍ॅव्हेंचुरिन, म्हणजे क्वार्ट्झचाच एक हिरवा प्रकार. इथपर्यंत प्रयोगशाळा उपयोगाची. पण पश्चिम चीनमधल्या खोतानच्या नदीतून गेल्या वर्षी उचललेला गोटा आणि दोन हजार वर्षांपूर्वी उचललेला गोटा, दोन्हींचे आकडे सारखेच येणार. लाकडा-हाडासारखी कार्बनची चाचणी इथे चालत नाही. दगडाचे वय काढलेच तर ते खडकाचे निघेल, कारागिरीचे नव्हे.

मागे ओळखीचे एक गृहस्थ मान वळवून बसलेला घोडा घेऊन आले. गंगापूर रोडवरच्या एका प्रदर्शनात घेतलेला, अंगावर तपकिरी डाग, सोबत चकचकीत प्रमाणपत्र. 'नैसर्गिक नेफ्राइट' हा शेरा अगदी खरा होता. विक्रेत्याने हान राजवट फक्त तोंडी सांगितली होती, बिलावर नुसते 'शोभेची वस्तू'. मी घोडा उलटा केला. पोटाखालचे दोरा ओवायचे भोक या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच मापाचे, आतून गुळगुळीत. तपकिरी रंग नेमका चिरांत आणि खोलगट जागी साचलेला. रंग असा लावता येतो, आम्लाने आणि आचेनेही दगड म्हातारा करता येतो.

नेफ्राइट पोलादी सुरीने कोरता येत नाही. त्याचे तंतू एकमेकांत इतके गुंतलेले असतात की हातोडीलाही तो सहज दाद देत नाही. म्हणून जुने कारागीर पाणी आणि कठीण वाळू घेऊन तो घासत, कधी दोरीने, कधी फिरत्या चकतीने. भोक दोन्ही बाजूंनी पाडायचे. ते तोंडाशी रुंद, मध्ये अरुंद होते, आणि दोन्हीकडची भोके मध्यावर क्वचितच नीट जुळतात. भिंगाखाली आत गोल ओरखडे दिसतात. आजच्या हिऱ्याच्या अवजाराची रेघ वेगळी असते. अर्थात हे कळणारे लोक नकलाही तशाच करतात, म्हणून नुसत्या भोकावर मीही निकाल देणार नाही.

लेखात गुंतवणुकीवर तीन परिच्छेद आहेत आणि हान काळातल्या जेडच्या सिकाडावर, म्हणजे झाडावर किर्रर्र करणाऱ्या किड्यावर, एक ओळ. उलट व्हायला हवे होते. हा किडा मृताच्या जिभेवर ठेवत. जमिनीतून वर येऊन कात टाकणारा जीव, म्हणून पुन्हा जन्माची आशा त्याच्याशी जोडलेली. आपण तुळशीपत्र ठेवतो, त्यांनी दगड ठेवला. मृताच्या दोन्ही मुठींत जेडची डुकरे देत. त्यातले चांगले काम पाहिले की बोलणे बंद होते: मोजके सरळ काप, त्यातच डोळे, पंख आणि पोट. एक रेघ जास्त नाही. इतक्या हट्टी दगडावर कमीत कमी घाव घालून प्राणी उभा करायचा, याचे वेड संग्राहकाला लागते. भाव नंतर येतो.

हे वेड नवीनही नाही. चीनमधल्या आन्यांगला १९७६ साली शांग घराण्याचा राजा वू दिंग याची राणी फू हाओ हिची कबर सापडली. ती सैन्य घेऊन लढाईवर जाणारी बाई. कबरीत जेडच्या ७५५ वस्तू निघाल्या. हत्तींची जोडी, वाघ, पक्षी, कासवे. त्यांतल्या काही वस्तू तिच्याही काळाच्या कितीतरी आधीच्या असल्याचे अभ्यासक मानतात. म्हणजे सव्वातीन हजार वर्षांपूर्वीची ही राणीसुद्धा जुने जपणारी होती! अठराव्या शतकातला चीनचा चियानलाँग बादशहा तर प्राचीन घडणीच्या नव्या वस्तू मुद्दाम करवून घ्यायचा. अशी वस्तू आज मिळाली तर तिला नकली म्हणणे अन्याय होईल, पण हान म्हणून विकणे लबाडीच. मुघलांकडचे जेडही त्याला फार आवडे. आपल्या शाहजहानचा १६५७ सालचा पांढऱ्या नेफ्राइटचा प्याला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्याची मूठ म्हणजे बकऱ्याचे डोके. त्या काळचे जेड बघायला लंडनलाच जायला हवे असे नाही, हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात त्याचे वेगळे दालन आहे.

तरीही विकत घ्यायचेच असेल, तर वस्तू आजवर कोणाकडे होती याचे कागद मागावेत: जुने लिलावाचे कॅटलॉग, जुनी बिले, छायाचित्रे. चीनच्या नियमांनुसार १९११ पूर्वीच्या वस्तू साधारणपणे देशाबाहेर नेता येत नाहीत, त्यामुळे 'नुकतीच तिकडून आणली' हे वाक्य शिफारस नसून धोक्याची घंटा आहे. कागद नसतील तर आजची वस्तू समजून आजचा भाव द्यावा आणि खुशाल कपाटात ठेवावी. आपला जिल्हा दगडाची कदर करणारा आहे, सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात नुसते स्फटिक पाहायला लोक लांबून येतात. त्या स्फटिकांना कोणी वय विचारत नाही.

पुढच्या वेळी पुरवणीत अशा प्राण्याचे छायाचित्र छापाल तेव्हा कृपया त्याच्या पोटाकडची बाजूही छापावी, आणि भोक असेल तर ते मोठे करून.

आपला,
एक निवृत्त रत्नपारखी
पंचवटी, नाशिक