गिरगावच्या सोनारकाकांना, आईच्या चवल्या-पावल्यांबद्दल

सोनारकाका,
सप्रेम नमस्कार.

"अहो, यात आभार कसले?" असं म्हणून तुम्ही मला गप्प केलंत. दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं, म्हणून मीही निघाले. पण मनातून जात नाही. शिवाय तुम्ही पारखून दिलीत तशा जुन्या चवल्या-पावल्यांच्या (चवली म्हणजे दोन आणे, पावली म्हणजे चार आणे) पुड्या बऱ्याच घरांत कपाटाच्या तळाशी असतील, म्हणून चारचौघांत लिहिते.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही एका मोठ्या, झगमगीत पेढीत गेलो होतो. तिथल्या माणसाने आजीची पुडी काउंटरवर ओतली. साल बघितलं नाही, राजा बघितला नाही. व्हिक्टोरियाच्या एका चवलीवर सरळ ॲसिडचा थेंब टाकला. राणीच्या गालावर डाग पडला तो पडलाच. मग म्हणाला, "सगळा मिक्स माल आहे, निम्मी चांदी धरतो." आईकडे त्याने एकदाही मान वर करून पाहिलं नाही. त्याचा राग अजून शमलेला नाही माझा.

तुम्ही आधी भिंग काढलंत आणि सालं वाचलीत. 1939 पर्यंतची पावली 2.92 ग्रॅम, तिच्यात चांदी 91.7 टक्के. चांदीची चवली 1917 पर्यंतचीच, पावलीच्या निम्म्या वजनाची, कस तोच. मग युद्ध आलं, लोक चांदीची नाणी दडवून ठेवायला लागले, आणि 1940 मध्ये सरकारने पावलीतली चांदी निम्म्यावर, म्हणजे 50 टक्क्यांवर आणली. 1946 पासून तर चांदी गेलीच, निकेल आलं. तुम्ही लोहचुंबक पुढे केलंत आणि वाघाचं चित्र असलेली निकेलची पावली उडी मारून चिकटली, तेव्हा आई त्या दिवसात पहिल्यांदा हसली. म्हणजे पुडी 'मिक्स' होती हे खरं, पण कुठलं नाणं कशातलं हे त्या नाण्यावरच छापलेलं होतं! वाचायची तसदी घेणारा माणूस हवा होता.

अडलं ते 1940 च्या पावल्यांवर, कारण बदल त्याच वर्षी झालेला. तुम्ही कसोटीचा दगड बाजूला सारलात. "घासलं की नाणं झिजतं, पाण्याला विचारू," म्हणालात. एकेक पावली पाण्यात तोलली तर चांगल्या आणि निम्म्या चांदीत फरक जेमतेम दोन-तीन शतांश ग्रॅमचा, एखादा बुडबुडा चिकटला तरी निकाल फिरायचा. म्हणून एकसारख्या दिसणाऱ्या दहा पावल्या आधी कोरड्या तोलल्यात, 29 ग्रॅम भरल्या. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणलात, पावल्या बारीक दोऱ्यात एकत्र बांधून तळाला न टेकवता पाण्यात सोडल्यात, काडीने बुडबुडे झटकलेत.

आणि मग तुम्ही काट्याचं तोंड आईकडे फिरवलंत.

काका, एवढ्यासाठीच हे पत्र आहे. "वहिनी, आकडा तुम्ही वाचा." आईने चष्मा पुसला, वाकून वाचलं, "दोन पॉइंट आठ एक." तेवढं पाणी पावल्यांनी बाजूला सारलं होतं. तुम्ही पेन्सिलने कागदावर 29 ला त्याने भागलंत, घनता 10.3 आली आणि म्हणालात, "चांगली चांदी. निम्मी असती तर साडेनऊच्या आसपास आलं असतं." ज्या बाईला पेढीवर कोणी विचारलं नव्हतं, तिनेच तिच्या सासूच्या पावल्यांचा कस वाचला. घरी आल्यापासून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती तो आकडा सांगते.

वजनाचा काटा ज्याच्या हातात असतो, त्याच्यासमोर बाकीचे सगळे आंधळेच असतात. बँकेत, दवाखान्यात, कचेरीत, सगळीकडे हेच. अशा वेळी पडदा आपल्याकडे वळवून "बघा, तुम्हीच बघा" म्हणणारी माणसं या मुंबईत अजून आहेत, ती फारशी कोणाच्या नजरेत येत नाहीत एवढंच. तुम्हाला आमच्याकडून एक पैसा सुटला नाही, कारण आईने काहीच विकलं नाही. उलट "पितांबरीने घासू नका, चकाकी आली की किंमत जाते," हेही तुम्ही बजावून सांगितलंत.

पुढच्या आठवड्यात दादरच्या मावशी त्यांच्या अधेल्या (आठ आण्यांची नाणी) घेऊन तुमच्याकडे येतील. त्यांना कमी ऐकू येतं, जरा मोठ्याने बोला.

तुमची आभारी,
पावल्यावाल्या वहिनींची मुलगी