पेटीवाल्याचं नाव पण छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या रॉक बँडवर पानभर लेख आला तो वाचला. आवडला, खोटं कशाला बोलू, कोकणातल्या पेपरात डीप पर्पलवर अर्धं पान येईल असं वीस वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर हसलो असतो. पण लेखात रिची ब्लॅकमोरच्या गिटारवर तीन परिच्छेद, इयन गिलनच्या वरच्या पट्टीतल्या किंकाळ्यांवर एक, आणि जॉन लॉर्ड? "कीबोर्डवर जॉन लॉर्ड." एवढंच. तीन शब्द. आणि लेख आला कधी तर जुलैत, तो गेला त्याच महिन्यात. १६ जुलै २०१२. म्हणून हे पत्र, थोडं लांबेल, कापायचं तर कापा पण शेवटचा भाग कापू नका कारण मूळ मागणी तिथे आहे, आपल्या दशावतारातल्या पेटीवाल्यांबद्दलची.

आधी हे सांगतो की तो "कीबोर्डवर" नव्हता. तो हॅमंड ऑर्गनवर होता. हॅमंड म्हणजे लाकडी कपाटाएवढं दीड-दोनशे किलोचं धूड, आत ९१ दातेरी चकत्या मोटरवर फिरतात, प्रत्येकीसमोर लोहचुंबक आणि कॉइल, त्यातून सूर तयार होतो. वर पट्ट्यांच्या दोन रांगा, दोन हातांना दोन, खाली पायाला पेडल. अमेरिकेत १९३५ ला हे वाद्य आलं ते चर्चमधल्या मोठ्या पाइप ऑर्गनला स्वस्तातला पर्याय म्हणून. या गड्याने काय केलं, ते थेट गिटारवाल्यांच्या मार्शल अँपमध्ये घातलं. मग जो आवाज निघाला तो गुरगुरणारा, फाटलेला, छातीवर बसणारा. 'स्मोक ऑन द वॉटर'ची सुरुवात जगातल्या प्रत्येक गिटार शिकणाऱ्या पोराने वाजवलीय, पण त्या सुरावटीला जो जाडपणा आहे तो निम्मा ऑर्गनचा आहे, कान देऊन ऐका, गिटारच्या मागे तीच सुरावट लॉर्ड वाजवतोय.

आणि हा माणूस मूळचा बाख वाजवणारा. जन्म १९४१, इंग्लंडमधलं लेस्टर, लहानपणापासून क्लासिकल पियानो, मग लंडनला गेला तो नट व्हायला, नाटकाच्या शाळेत. (नाटक आणि पेटी दोन्ही, म्हणजे आमच्याकडचाच म्हणा ना.) १९६८ ला डीप पर्पल निघाला आणि पुढच्याच वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला, याने रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर आपला रॉक बँड उभा केला, स्वतः लिहिलेल्या कॉन्चेर्टोसाठी (बँड आणि ऑर्केस्ट्राने मिळून वाजवायची रचना), कंडक्टर माल्कम अरनॉल्ड. आज कुठलाही बँड ऑर्केस्ट्रा घेऊन बसतो, तेव्हा किती जणांच्या डोक्यात होतं?

याच कॉन्चेर्टोची एक गोष्ट तुमच्या लेखात हवी होती. १९७० नंतर त्याची लिहिलेली स्वरलिपी हरवली. गेलीच. तीसेक वर्षं कोणाला वाजवता येईना. मग हॉलंडमधल्या मार्को द खूय नावाच्या एका संगीतकाराने, जो लॉर्डचा चाहताच म्हणायचा, जुनं रेकॉर्डिंग ऐकून ऐकून आणि व्हिडिओ बघून ऑर्केस्ट्रातल्या एकेका वाद्याचा भाग परत लिहून काढला, नुसत्या कानाने! लॉर्डने ते बघितलं, जिथे अडलं तिथे स्वतः भरलं आणि १९९९ ला परत त्याच अल्बर्ट हॉलमध्ये ते वाजलं. स्टुडिओत नीट केलेलं रेकॉर्डिंग मात्र २०१२ ला बाहेर आलं, आणि ते येईपर्यंत हा गेलेला. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, कॅन्सर झाल्याचं त्याने २०११ मध्ये स्वतःच जाहीर केलेलं. वय ७१.

तो गेल्याची बातमी आमच्यापर्यंत कशी आली तर एसेमेसने. कुडाळला धो धो पाऊस, लाइट नाही, मोबाईलच्या शेवटच्या कांडीवर मुंबईच्या चाकरमानी मित्राचा मेसेज, "लॉर्ड गेला". घरच्यांना वाटलं ऑफिसातले कोणी साहेब गेले. आम्ही चार-पाच टाळकी, एक लॅबवाला, एक मास्तर, एक आंब्याचा व्यापारी, एक बोटीवर इंजिन बघणारा, संध्याकाळी एकाच्या पडवीत जमलो आणि बॅटरीवरच्या टेपवर डीप पर्पलची 'मेड इन जपान' लावली. तीच कॅसेट जी आमच्यातल्या एकाच्या काकाने मुंबईहून काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून आणलेली, गणपतीला येताना, मोदकाच्या साच्याबरोबर पिशवीत. तेव्हापासून १६ जुलैला आम्ही जमतोच, पाऊस असतोच, लाइट बहुतेक नसतोच. आता टेप गेला, ब्लूटूथ आला, एवढाच फरक.

मागे अशाच एका १६ जुलैला वाडीतले एक वयस्कर काका ओटीवर येऊन बसले. दशावतारात उभं आयुष्य पायपेटी वाजवलेला माणूस. आम्ही 'लेझी' लावलेलं, त्याच्या सुरुवातीला बराच वेळ नुसता ऑर्गन आहे. काका थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "ह्यो पेटी वाजयता काय भाताची गिरण चलयता?" आम्ही हसलो. मग गाणं पुढे गेलं, गिटार आली, गाणारा आला, आणि काका एकदम सरसावून बसले. "नाय रे, शाणो हा. गाणाऱ्याची वाट बगता. पुढे धावना नाय." नंतर त्यांनी पट्टी विचारली, आमच्यापैकी कोणाला सांगता आली नाही, मग त्यांनीच मांडीवर बोटं वाजवत शोधली. इतकी वर्षं आम्ही ऐकतोय, पण लॉर्ड नेमका काय करतो हे आम्हाला त्या संध्याकाळी कळलं, आणि ते सांगणाऱ्याने डीप पर्पलचं नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं.

दशावतार ज्यांनी नुसता पुढच्या रांगेतून बघितलाय त्यांच्यासाठी सांगतो. नाटकाला लिहिलेली संहिता नाही. संध्याकाळी आख्यान ठरतं, कोण राजा, कोण राक्षस, कोण नारद ठरतं आणि रात्री संवाद जागच्या जागी होतात. पदं पण तशीच, नट कुठल्या पट्टीत तोंड उघडेल त्याचा भरवसा नाही, काल काळी चारात गाणारा आज घसा बसला म्हणून काळी एकला येतो, आणि पेटीवाल्याने पहिल्या अक्षराला सूर पकडायचा, सांगायला कोणी येत नाही. युद्ध लागलं की मृदंग आणि झांजेबरोबर ठोकायचं, विलाप आला की सूर धरून थांबायचं, नट वाक्य विसरला की त्याला आठवेपर्यंत पेटीने जागा भरायची. रात्रभर, दहीकाल्यापर्यंत, भाता पायाने मारत, कारण दोन्ही हात मोकळे हवेत. कंपनीतले राजापार्ट बदलतात, दुसऱ्या कंपनीत जातात, पेटीवाला बहुतेक वेळा तोच. आता डीप पर्पल बघा. गायक किती बदलले, रिची स्वतः दोनदा सोडून गेला, आणि १९६८ पासून २००२ पर्यंत बँड जेव्हा जेव्हा उभा होता तेव्हा प्रत्येक वेळी त्यात असलेले दोघेच, ड्रमवर इयन पेस आणि हॅमंडवर लॉर्ड.

अजून एक गंमत, चाकरमान्यांसाठी खास. 'चाइल्ड इन टाइम' हे त्यांचं १९७० चं गाणं, ज्याच्या सुरुवातीच्या ऑर्गनवर आमचा मास्तर अजूनही डोळे मिटतो, ती सुरावट त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका बँडच्या तुकड्यावरून घेतली, हे गिलनने नंतर उघड मान्य केलंय. त्या मूळ तुकड्याचं नाव काय तर 'बॉम्बे कॉलिंग'. आमच्यात कोणी नोकरीला मुंबईला निघाला की हेच लावतो.

आणि ज्या काळात तिकडे लॉर्ड ऑर्गनला अँप जोडत होता त्या काळात आपल्या रेडिओवर पेटीला बंदी होती हे किती जणांना माहितीय? ऑल इंडिया रेडिओने १९४० ला हार्मोनियम बंद केली, परदेशी वाद्य, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती नाहीत वगैरे, आणि ती बंदी उठली थेट १९७१ ला. गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर यांच्यामुळे पेटीला मान मिळाला, बोरकरांना पद्मश्री पण मिळाली, पण ते मैफलीचं आणि संगीत नाटकाचं झालं. जत्रेतल्या पेटीपर्यंत तो मान काही उतरला नाही. (डबलबारीची, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याची, गोष्ट वेगळी, तिथे बुवाच पेटी घेऊन बसतो म्हणून नाव होतं, नुसता साथीला असता तर बघितलं असतं.)

लॉर्डची माणसांनी आठवण कशी ठेवली बघा. २०१३ च्या अल्बममध्ये बँडने त्याच्या आठवणीत गाणी केली. २०१४ च्या एप्रिलमध्ये त्याच अल्बर्ट हॉलमध्ये त्याच्यासाठी अख्खी रात्र झाली, 'यस' बँडचा कीबोर्डवाला रिक वेकमन आला, आयर्न मेडनचा ब्रूस डिकिन्सन येऊन गायला. २०१६ ला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये नाव गेलं, उशिरा गेलं, तो असताना जायला हवं होतं, पण गेलं.

आमचे काका गेले तेव्हा पेपरात जाहिरात आली, घरच्यांनी पैसे भरून दिलेली. "निवृत्त एसटी वाहक यांचे दुःखद निधन." पेटीचा उल्लेख नाही. घरच्यांना दोष देत नाही, नोकरी ती नोकरी, पेटीला कोण विचारतो असंच त्यांना वाटलं असणार. पण कंपनीची बातमी म्हणून तरी दोन ओळी यायला नको होत्या? २०२२ ला दशावतारातले नट सुधीर कलिंगण गेले तेव्हा अख्खा जिल्हा रडला, पेपर भरून आले, ते योग्यच होतं, लोकराजाच होता तो. माझं म्हणणं एवढंच की त्या राजाच्या प्रत्येक पदामागे कोणीतरी पाय मारत बसलेला होता.

तर मागणी. तुम्ही जत्रांच्या सीझनला दशावताराच्या बातम्या छापता, "ट्रिकसीनयुक्त महान पौराणिक नाट्यप्रयोग", खाली राजा कोण, स्त्रीपार्टी कोण, राक्षस कोण. बॅनरवर निदान "संगीत साथ" खाली बारीक अक्षरात नाव तरी असतं, तुमच्या बातमीत ते पण गळतं. ते गाळू नका. हार्मोनियम, मृदंग, झांज, तीन नावं, एक ओळ. आणि कोणी वादक गेला तर त्याची बातमी वादक म्हणून द्या, पैसे भरून दिलेल्या जाहिरातीवर सोडू नका.

तुळशीचं लग्न झालं की जत्रा सुरू होतील, म्हणजे वेळ आहे. आमच्यातला लॅबवाला कंपनीवार पेटीवाल्यांची यादी करतोय, आत्ताचे आणि जुने, गाव आणि कोणाकडे शिकले ते पण. पाहिजे असेल तर युनिकोडमध्ये टाइप करून पाठवतो. फोटो पण आहेत, फक्त बहुतेक फोटोंत पेटीवाला अर्धाच आलाय, तुमच्या फोटोग्राफरकडे पूर्ण असतील तर बघा.

आपला,
एक नियमित वाचक
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग