हेलसिंकी ते टालिन, अर्ध्या तासात

प्रिय दोस्ता,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला, मागे काकूंचा आवाज येत होता ना म्हणून. मीही बोलूनच पाठवणार होतो पण जे सांगायचंय ते बोलताना अर्धं राहून जाईल, म्हणून लिहायला बसलोय. लांबलं तर सावकाश वाच.

१४ जूनला आम्ही दोघं टालिनला जाऊन आलो, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. तसे आधी दोनदा गेलो होतो पण बोटीने. हेलसिंकीतले बहुतेक लोक बोटीनेच जातात, दोन तासांचा प्रवास, स्वस्तही पडतो. पण गेल्या नोव्हेंबरात समुद्र असा खवळलेला होता की उलट्यांनी ही पार गळून गेली, तेव्हाच ती म्हणाली होती आता परत यायचं तर विमानाने.

अंतर ऐक तू. दोन देशांच्या राजधान्या, फिनलंडची हेलसिंकी आणि एस्टोनियाची टालिन, मधे फिनलंडचं आखात, आणि या काठापासून त्या काठापर्यंत साधारण ८० किलोमीटर. विमान एटीआर ७२, दोन पंख्यांचं, मागच्या दाराने चढायचं आणि आत एसटीसारख्या दोन-दोन सीट. हेलसिंकीसमोरची बारकी बारकी बेटं खाली गेली, मग नुसतं पाणी, त्यावर एक बोट आणि तिच्यामागे लांब पांढरी रेघ, मी हिला म्हटलं बघ ती पण टालिनलाच चाललीय, आणि हिने वाकून बघेपर्यंत विमान खाली यायला लागलं सुद्धा! उतरताना उलेमिस्ते तलाव अगदी पायाशी, त्याचंच पाणी शहर पितं. उतरल्यावर पासपोर्ट कुणी विचारला नाही, दोन्ही देश शेंगेनमध्ये, पैसे तेच युरो, घड्याळ तेच. बाहेर ट्राम उभीच होती. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जायला आपल्याला जास्त वेळ लागायचा रे.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. ऑफिसात माझ्या शेजारी एक एस्टोनियन बाई बसते, पन्नाशीची, टालिनमध्येच वाढलेली. तिला सहज म्हटलं १४ जूनला चाललोय तुझ्या गावाला, तर ती जरा थांबली आणि म्हणाली, त्या दिवशी झेंड्यांकडे बघ. मग तिनेच सांगितलं. १९४१ साली याच तारखेला सोव्हिएत माणसांनी रातोरात घरं उठवून दहा हजारांच्या आसपास लोकांना मालगाड्यांत कोंबून पूर्वेकडे नेलं, पुरुष वेगळे काढले, बायका-पोरं सैबेरियाकडे. म्हणून १४ जून तिथे शोकदिन असतो. तिच्या लहानपणी, एस्टोनिया सोव्हिएत राजवटीखाली असताना, टालिनच्या घराघरात फिनलंडचा टीव्ही लागायचा, लाटा समुद्रावरून सरळ यायच्या, ती फिनिश भाषा टीव्हीवरच शिकली. एस्टोनियन आणि फिनिश तशाही बहिणी-बहिणी, दोन्ही देशांच्या राष्ट्रगीताची चालसुद्धा एकच आहे, माहितीये तुला? ती म्हणाली, हेलसिंकीत उद्या पाऊस आहे की ऊन हे आम्हाला रोज कळायचं, पण तिथे जायची परवानगी मिळायची नाही. हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये. १९९१ मध्ये देश परत स्वतंत्र झाला तेव्हा कुठे ती पहिल्यांदा इकडे आली.

जुन्या शहरात फिरताना झेंडे बघितले. निळा, काळा, पांढरा, आणि प्रत्येकाला वर काळी फीत. मोठ्या इमारतींवर तर होतेच, पण एका गल्लीत लाकडी दारावर, खाली सायकल टेकवलेली, तिथेही. ही माझा हात धरून उभी राहिली, आम्ही बराच वेळ काहीच बोललो नाही.

आता परतीचं. ही विमानाची वाट खूप जुनी आहे. आजच्या फिनएअरचं मूळ नाव एअरो, त्यांचं पहिलंवहिलं विमान २० मार्च १९२४ ला हेलसिंकीहून टालिनलाच गेलं होतं, १६२ किलो टपाल घेऊन. आणि याच कंपनीचं कालेवा नावाचं विमान १४ जून १९४० ला, म्हणजे त्या मालगाड्यांच्या बरोबर एक वर्ष आधी, दुपारी टालिनहून हेलसिंकीला निघालं आणि काही मिनिटांतच दोन सोव्हिएत बॉम्बरांनी ते पाडलं. सात प्रवासी, दोन कर्मचारी, नऊच्या नऊ गेले. युद्ध नव्हतं रे तेव्हा फिनलंड आणि सोव्हिएत युनियनमध्ये, तह होऊन तीन महिने झाले होते, साधं प्रवासी विमान होतं ते, आत फ्रेंच आणि अमेरिकन वकिलातींचं टपाल नेणारी माणसं होती. तीन दिवसांनी सोव्हिएत फौजांनी एस्टोनियाचा ताबा घेतला. विमान पडलं केरी बेटाजवळ, आणि अवशेष सापडले कधी, तर २०२४ मध्ये, जवळपास ७० मीटर खोल पाण्यात. चौऱ्याऐंशी वर्षं!

मी मुद्दाम उजवीकडची खिडकी घेतली होती, केरी त्या बाजूला येतं म्हणून. संध्याकाळ असूनही सूर्य चांगला वर होता, जूनमध्ये इथे अंधार असा होतच नाही. पूर्वेला एक-दोन बेटांचे ठिपके दिसले, त्यातलं केरी कुठलं ते कळलं नाही, पण मी हात जोडले. पलीकडच्या सीटवर एक लहान मुलगी खिडकीला नाक लावून आईला काहीतरी दाखवत होती, बहुतेक बोटच असेल. तेवढ्यात हेलसिंकीची बेटं आली.

सोमवारी ऑफिसात त्या लाकडी दारावरच्या झेंड्याचा फोटो शेजारच्या त्या एस्टोनियन बाईला दाखवला. तिने फोन हातात घेतला, मोठा करून बघितला आणि म्हणाली, ही गल्ली माझ्या शाळेच्या रस्त्यावर आहे.

तू ये रे एकदा. सुट्टीचं बघ, जूनमध्येच ये, एकदा बोटीने जाऊ, एकदा विमानाने. काकूंना माझा नमस्कार सांग, त्यांच्या गुडघ्याचं काय झालं ते नक्की कळव.

तुझाच,
मी