फणी देणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,

समोर उभं राहून आभार मानले की तुम्ही "बरं बरं, आधी कुत्रीकडे बघ" म्हणून विषय संपवता. म्हणून हे जाहीर पत्र. शिवाय माझ्या कुत्रीची, गुंडीची, पिसवांनी बिघडलेली कातडी बरी झाल्यापासून भेटेल तो विचारतो, "नेमकं लावलंस काय?" लावलं जवळजवळ काहीच नाही, असं सांगितलं की कुणाचा विश्वास बसत नाही. आता त्यांच्या हातात हेच पत्र ठेवीन.

पिसवा झाल्या तेव्हा सल्ले पैशाला पासरी मिळाले. लसूण खायला घाल, टी ट्री तेल चोळ, कापूर तेलात विरघळवून लाव, व्हिनेगरचा फवारा मार. एका गृहस्थांनी तर रॉकेल सुचवलं. आणि बहुतेकांचं पालुपद एकच: "नैसर्गिक आहे गं, अपाय काही नाही." ती सगळी यादी मी तुमच्यापुढे ठेवली आणि तुम्ही एकेक नाव खोडत गेलात. नुसती खोडली नाहीत, प्रत्येकाचं कारण सांगितलंत. मला त्याचंच सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं, कारण "नको" म्हणणारे पुष्कळ असतात, का नको ते सांगायला कुणाला वेळ नसतो.

लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, कांद्याचंही तेच. टी ट्री तेलाचे थोडे थेंब थेट कातडीवर पडले, तरी कुत्रं लटपटायला, थरथरायला लागू शकतं, आणि अंगावर लावलेलं ते चाटून पोटात घेणार हे ठरलेलंच. कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात. रॉकेलने कातडी भाजते. व्हिनेगरने पिसू मरत नाही, फक्त खाजवून सोललेल्या जागी झोंबतं. कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी तुम्ही चालवून घेतलंत, तेही "तुझ्या समाधानासाठी, पण त्यावर विसंबू नकोस" असं बजावून. त्याचं दाट तेल मात्र कपाटात ठेवायला लावलंत. विष हे विषच, मग ते झाडातून येवो की कारखान्यातून, हे तुमचं वाक्य मी आता स्वतःचं असल्यासारखं वापरते. माफ करा.

त्यानंतर तुम्ही गुंडीला सोडून फरशी बघायला लागलात, तेव्हा खरं सांगायचं तर मला कळेना. मग तुम्ही हिशेब मांडलात. घरातल्या एकूण पिसवांपैकी अंगावर दिसतात त्या साधारण 5 टक्के. उरलेल्या 95 टक्के अंडी, अळ्या आणि कोश या रूपात गालिच्यात, सोफ्याच्या खाचेत, फरशीच्या फटीत आणि कुत्र्याच्या अंथरुणात असतात. मादी भरात असली की दिवसाला 40-50 अंडी घालते, आणि ती गुळगुळीत अंडी केसांवर टिकत नाहीत. कुत्रं जिथे बसतं, अंग झटकतं, तिथे ती सांडत राहतात. अळ्यांना उजेड सोसत नाही म्हणून त्या खोल शिरतात आणि मोठ्या पिसवांच्या विष्ठेतल्या सुकलेल्या रक्तावर वाढतात. एवढं ऐकल्यावर अंगाला काय चोळायचं हा प्रश्नच मागे पडला.

तुमचा घरगुती उपाय म्हणजे गरम पाणी, साबण, व्हॅक्यूम क्लिनर आणि ती बारीक दातांची फणी. अंथरुणाच्या चादरी 60 अंशांच्या पाण्यात धुवायच्या, त्यात अंड्यांपासून मोठ्या पिसवांपर्यंत सगळं मरतं. व्हॅक्यूम पलंगाखाली आणि कडाकोपऱ्यांत फिरवायचा, आणि त्यातला कचरा लगेच पिशवीत बांधून घराबाहेर टाकायचा. घर हवेशीर, कोरडं ठेवायचं, कारण दमट हवा नसेल तर अंडी आणि अळ्या सुकून जातात. हे ऐकायला इतकं साधं आहे की लोक त्याला उपाय म्हणायलाच तयार होत नाहीत.

फणीचं तंत्र मात्र हातात बसायला वेळ लागला. शेपटीच्या बुंध्यापासून सुरुवात, मग मांड्यांच्या आतली बाजू, पोट, मान. प्रत्येक वेळी फणी साबणाच्या पाण्यात बुडवायची. साध्या पाण्यावर पिसू तरंगते आणि उडी मारून निसटते, साबण असला की बुडते. फणीत आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवून दाखवलेत, आणि त्यांच्याभोवती तांबूस डाग पसरला. ते कण म्हणजे पिसवांची विष्ठा, तिच्यातलं सुकलेलं रक्त ओलं झालं की रंग सुटतो. साधी माती असती तर तो रंग आला नसता. पिसू डोळ्यांना दिसली नाही तरी ती आहे, हे त्या डागावरून कळतं. आता कापसाची ही परीक्षा मी ओळखीच्या प्रत्येक कुत्र्यावर करते, त्यांच्या मालकांना ते फारसं रुचत नाही.

अंघोळीचीही खुबी तुमचीच. आधी मानेभोवती फेसाचं कडं करायचं, म्हणजे अंग भिजताच पिसवा डोक्याकडे, कानात पळत नाहीत. मग कुत्र्यांच्या सौम्य शाम्पूचा फेस अंगभर काही मिनिटं राहू द्यायचा. या अंघोळीने त्या वेळच्या पिसवा जातात, पुढच्या अडत नाहीत, हेही तुम्ही आधीच सांगून ठेवलंत, त्यामुळे रोज अंघोळ घालून कातडी कोरडी करण्याची वेळ आली नाही.

सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते कोशांबद्दलचं बोलणं. घर चकचकीत झालं, गुंडी शांत झोपायला लागली आणि अचानक पुन्हा पिसवा दिसल्या. तुम्ही सांगितलं नसतं तर मी हात टेकले असते. कोशावर धूळ चिकटून तो दिसेनासा होतो, त्याच्यावर औषधही नीट पोचत नाही, आणि आतली पिसू महिनोन्महिने उपाशी थांबू शकते. पावलांची थरथर, अंगाची ऊब, श्वास जाणवला की बाहेर पडते. व्हॅक्यूमच्या हादऱ्यानेही पडते, म्हणून तो फिरवत राहणं दुहेरी फायद्याचं. "नव्या दिसल्या म्हणजे जुन्या कोशातून निघाल्या. दोन-तीन महिने धर," म्हणालात. धरलं.

आणि हेही लोकांना कळायला हवं, की घरगुती उपायांवर एवढा विश्वास असलेल्या तुम्हीच मला डॉक्टरांकडे पिटाळलंत. गुंडीच्या शेपटीजवळचे केस गेले होते, तेव्हा तुम्ही म्हणालात की काही कुत्र्यांना पिसूच्या लाळेचीच अॅलर्जी असते, त्यांना मोजके चावेही पुरतात. डॉक्टरांनी तेच सांगितलं आणि महिन्याची गोळी सुरू केली. अंथरुणावर तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर ते पट्टकृमीचे असतात आणि कुत्र्याने पिसू गिळल्यावर तो जंत होतो, हे मला तुमच्याचकडून कळलं. त्याचंही औषध झालं. पिल्लांच्या हिरड्या फिकट दिसल्या तर घरगुती काहीही करत बसायचं नाही, तडक दवाखाना. पिसवा लहान पिल्लाचं रक्त जिवावर बेतेपर्यंत शोषू शकतात.

शेजारच्या घरात आता मांजराचं पिल्लू आलंय, आणि त्याच्याही अंगावर पिसवा आहेत. कुत्र्यासाठीचं, परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं औषध मांजराला चुकूनही लावायचं नाही, एवढं मी त्यांना दारातच सांगितलं. बाकीचं तुम्हाला विचारून सांगते म्हणाले. त्यांना फणी हवी होती, पण तुमची दिली नाही, नवी आणायला लावली. तुमची मी येत्या रविवारी घेऊन येते. गुंडीही येईल, तिला आधी विंचरून मगच.

तुमची,
गुंडीची आई