सूचना: रविवारी कॅमेरा आणू नका

मंडळी, पहिल्या शॉर्टफिल्मसाठी रविवारी सकाळी ७ वाजता ठाण्यात तलावपाळीला, गडकरी रंगायतनसमोर जमायचंय. प्रत्येकाने आपली गोष्ट दोनच वाक्यांत लिहून आणावी: कोणाला काय हवंय आणि आडवं काय येतंय. त्यात मावत नसेल, तर गोष्ट अजून सापडलेली नाही.

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण १ मिनिट. ५ पानांपुढे नको. (मागच्या बैठकीत २२ पानं आली, त्यात भर पावसातलं लग्नही होतं!) स्टेशनवरचा प्रसंग टाळा, रेल्वेची परवानगी लागते.

काठावर ५ मिनिटं डोळे मिटून नुसतं ऐकायचंय. रिक्षांचे हॉर्न, कोपिनेश्वराची घंटा... यात कुजबुजीचा संवाद टिकेल का, ते तिथेच कळेल. वही आणा.